पाद्र्याच्या वहीतले इंग्लंड

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या उजाड माळाच्या कडेला मोरबाथ नावाचे एक चिमुकले खेडे आहे. सोळाव्या शतकात तेथे अवघी ३३ कुटुंबे नांदत होती. १५२० ते १५७४ अशी तब्बल ५४ वर्षे ख्रिस्तोफर ट्रिकी हा एकच पाद्री या गावाला लाभला. चर्चचा जमाखर्च तो स्वतः लिहीत असे आणि गावकऱ्यांपुढे वाचून दाखवीत असे. चर्चच्या मालकीची मेंढी कोणाच्या कळपात चरते, लोकर कितीला विकली गेली, मेणबत्त्यांना मेण किती लागले, असा तो हिशेब. कोणत्याही देवस्थानच्या कीर्दीत सापडावा तसाच.

परंतु याच ५४ वर्षांत इंग्लंडच्या राजसत्तेने प्रजेचा धर्म वारंवार बदलला. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले, त्याच्या मुलाने मूर्ती व विधी हद्दपार केले, मेरीने ते परत आणले आणि एलिझाबेथने पुन्हा मोडीत काढले. या उलथापालथीचा इतिहास राजधानीतील कागदांवरून पुष्कळांनी लिहिला. खेड्यातील श्रद्धाळू माणसावर काय गुजरले, हे मात्र ट्रिकीच्या वहीतच दिसते. वर्षानुवर्षे पैपैसा साठवून घेतलेली विधिवस्त्रे आणि संतांच्या नावे राखलेल्या मेंढ्या एका फर्मानासरशी निरर्थक ठरल्या. १५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाच्या सक्तीविरुद्ध डेव्हन आणि कॉर्नवॉल पेटून उठले, तेव्हा या ३३ घरांच्या गावाने पाच तरुणांना खर्चीपाणी देऊन एक्झिटरजवळच्या बंडखोरांच्या छावणीत धाडले. त्या खर्चाची नोंदही वहीत आहे. उठाव निर्दयपणे चिरडला गेला. पुढे इमन डफी या इतिहासकाराने २००१ मध्ये या वहीवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि मोरबाथ विद्वज्जगतात गाजले.

स्थानिक इतिहास म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

इंग्लंडच्या ग्रामेतिहासाचा पाया दप्तरांवर उभा आहे. १०८६ चे डूम्सडे बुक सर्वांना ठाऊक असते, पण ते राजाच्या वसुलीसाठी होते. सामान्य माणसाचे नाव कागदावर यायला १५३८ साल उजाडावे लागले. थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. हा नव्या कराचा डाव असणार, अशी कुजबुज तेव्हा गावोगाव झाली. सरकार नावे लिहून घेऊ लागले की प्रजेच्या मनात पाल चुकचुकायचीच! त्याआधीचा काळ शोधायचा तर मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, न्यायसभेची लॅटिन भेंडोळी उलगडावी लागतात. कुळाने मुलीचे लग्न लावले तर जहागीरदाराला किती शुल्क भरले, हेही त्यांत सापडते.

या दप्तरांनी गावाची अब्रूही झाकली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर आला आणि १६६२ च्या कायद्याने उपऱ्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशकडे हाकलण्याचा अधिकार मिळाला. मग जन्मणाऱ्या मुलाचा खर्च आपल्या माथी नको, म्हणून गरोदर स्त्रियांना हद्दीबाहेर घालवणारे कारभारी निघाले. १६९७ नंतर मदत घेणाऱ्याच्या बाहीवर 'पी' हे अक्षर शिवण्याची सक्ती झाली. हे सारे त्याच गावांच्या हिशेबवह्यांत नोंदलेले आहे आणि तेथल्याच अभ्यासकांनी ते उजेडात आणले. आपल्या गावावर प्रेम करणाऱ्या माणसांनीच हे केले, म्हणून त्या कामाला विश्वासार्हता आली.

ही माणसे कोण होती? रिव्हर्समधून... छे, मोठ्या घराण्यांतून नव्हे, बहुधा शिक्षक, ग्रंथपाल, गृहिणी अशा सामान्य घरांतून ती आली. १९६४ मध्ये पीटर लास्लेट आणि टोनी रिग्ली यांनी केंब्रिजमध्ये लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट स्थापन केला. जनगणनेपूर्वीचे इंग्लंड मोजायचे तर हजारो नोंदवह्यांची पाने मोजणे आले. हे काम स्थानिक स्वयंसेवकांनी विनामोबदला केले. त्यांनी ४०४ पॅरिशांचे आकडे काढून दिले, तेव्हा कोठे १५४१ पासूनच्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा ग्रंथ १९८१ मध्ये सिद्ध झाला. प्राध्यापकांना गावकऱ्यांच्या दारी जावे लागले, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाने विसरू नये.

डब्ल्यू. जी. हॉस्किन्सचे घराणे तर एक्झिटरच्या पाववाल्यांचे. लेस्टरला त्याने १९४८ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि शेताचा बांध, कुंपण, वाकडी पाऊलवाट हीसुद्धा वाचता येणारी कागदपत्रे आहेत, हे १९५५ च्या आपल्या ग्रंथातून सांगितले. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या ओसाड गावात १९५० पासून चार दशके उत्खनन चालले. याउलट १८९९ मध्ये आरंभलेली परगणावार इतिहासाची थोरली मालिका शतक उलटून गेले तरी पुरी झालेली नाही. घाई नाही, हेही एक वैशिष्ट्यच.

या संशोधनाचा एक निष्कर्ष आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थ गावच्या पाद्र्याने १६७६ आणि १६८८ मध्ये गावकऱ्यांच्या याद्या केल्या होत्या. लास्लेटने त्या ताडून पाहिल्या, तेव्हा बारा वर्षांत गावातील साठ टक्क्यांहून अधिक माणसे बदललेली आढळली. काही मेली, बहुतेक अन्यत्र गेली. पिढ्यानपिढ्या एका जागी रुजलेले इंग्रजी खेडे ही कल्पना त्या याद्यांनी मोडली. आणि याच इंग्रजांच्या चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये हिंदुस्थानातील खेडी म्हणजे राजवटी आल्या-गेल्या तरी न बदलणारी छोटी प्रजासत्ताके, असा निर्वाळा दिला! मार्क्सनेही १८५३ मध्ये तोच सूर लावला. आपल्याकडील कित्येक विद्वान तो अजून आळवतात. कोणी स्तुती म्हणून, कोणी निंदा म्हणून. गावाचे दप्तर उघडून पाहण्याचे कष्ट दोन्ही पक्ष सहसा घेत नाहीत.

कष्ट घेणारे इंग्रजही होते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर लगेचच थॉमस कोट्स या कंपनीच्या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची शेती, बलुती, खाणेपिणे आणि कर्जे यांची बारकाईने पाहणी केली. ती १८२३ मध्ये छापली गेली. ते लोणी म्हणजे आजचे नगर रस्त्यावरचे लोणीकंद. गोविंद सदाशिव घुर्ये तो वृत्तांत हाती घेऊन त्याच गावाच्या अभ्यासाला लागले आणि सव्वाशे वर्षांत तेथे काय बदलले, याचा ग्रंथ त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला.