सन्मानाचा दाखला कोणी द्यावयाचा?

दिवाळीनंतरच्या एका सकाळी डोंगरकड्याच्या थांब्यावर एका हॉटेलात चहा घेत बसलो असता आंध समाजाचे एक वृद्ध गृहस्थ समोर येऊन बसले. जवळच्या वस्तीवरचे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना माझ्याकडे धाडले होते. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे सारे कागद नीट घडी घालून ठेवलेले होते. कमी होता तो एकच कागद, आपण कलावंत आहोत असे सांगणारा. चाळीस वर्षे या माणसाने दंडारीत सोंगे घेतली, पदे म्हटली, पोरांना नाचावयास शिकविले. एका कार्यालयात त्यांच्याकडे वर्तमानपत्रांची कात्रणे, कार्यक्रमपत्रिका आणि प्रशस्तिपत्रे मागण्यात आली. ते मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, दंडार रातभर चालती. पेपरवाला कशाला येतोय तिथं?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नामागील व्यवस्था समजून घेणे मला आवश्यक वाटले. आपल्या कार्यकर्त्यांनीही ती समजून घ्यावी, म्हणून हे टिपण.

वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून चालू आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. २०२४ पर्यंत कलावंतांच्या तीन श्रेणी असत. राष्ट्रीय श्रेणीस दरमहा ३१५० रुपये, राज्य श्रेणीस २७०० रुपये आणि जिल्हा श्रेणीस २२५० रुपये. २०२४ साली हा भेद काढून सर्वांना सरसकट ५००० रुपये देण्याचे ठरले. हा निर्णय योग्यच होता व त्याचे श्रेय शासनास दिले पाहिजे. पोटाची भूक राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी श्रेणीनुसार बदलत नाही. तथापि पाच हजारांस तीस दिवसांनी भागिले तर दिवसाला १६७ रुपये पडतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे आयुष्यभर कला जोपासणाऱ्यास आपण मातीकामाच्या मजुरीच्या निम्म्याहून किंचित अधिक देतो.

परंतु रकमेहून मोठा प्रश्न पुराव्याचा आहे. ज्याची कला तिकिटावर विकली गेली, ज्याचे नाव छापले गेले, ज्याला कोणी हार घातला, तोच कागदोपत्री कलावंत ठरतो. ज्याची कला गावाने फुकट अनुभवली, ज्याने रात्र जागविली व दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडविली, त्याच्याजवळ पुरावा नसतो. बाजाराने ज्यास किंमत दिली त्यासच समाजाने मान द्यावा, हा येथील अलिखित नियम आहे. बाजाराने टाकलेल्यांच्या बाजूने उभे राहणे हे ज्या योजनेचे प्रयोजन, तिनेच बाजाराची मोजपट्टी वापरावी, ही मोठीच विसंगती होय.

आता राष्ट्रीय पातळीवरील चित्र पाहू. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नेदरलँड्समधील प्रिन्स क्लॉस पुरस्कार त्यांना २००९ मध्ये मिळाला आणि पद्मश्री २०११ मध्ये. पहिल्या सन्मानापासून पद्मश्रीपर्यंत पस्तीस वर्षे गेली, आणि त्यातही हॉलंड आपल्या आधी पोहोचले. २०१८ साली मशे निवर्तले. पिंगुळीचे ठाकर आदिवासी कलावंत परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी जतन केल्या, आणि गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आदिलाबादकडील मार्लवाईचे गोंड नर्तक कनक राजू यांचाही गुसाडी नृत्यासाठी तसाच गौरव झाला. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, ते गेले. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

हे सारे सन्मान आनंदाचेच आहेत. परंतु आदिवासी कलावंताची आपल्याला आठवण होते ती त्याच्या सायंकाळी. संगीत नाटक अकादमीने तर पंचाहत्तरी ओलांडूनही कधीच राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना सप्टेंबर २०२३ मध्ये एकाच समारंभात 'अमृत पुरस्कार' दिले. हेतू स्तुत्य, यात शंका नाही. तथापि असा समारंभ करावा लागणे, हीच आधीच्या अनेक दशकांच्या विस्मरणाची कबुली नव्हे काय?

आणि सन्मानानंतर काय? पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते. तेलंगणातील किन्नेरावादक दर्शनम मोगिलय्या यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये ते हैदराबादजवळ बांधकामावर मजुरी करीत असल्याचे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. मजुरी करण्यात कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो पदक देऊन जबाबदारी संपली असे मानणाऱ्या समाजाचा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शहराच्या डोळ्यांना जे नवलाचे वाटते, त्याचा सन्मान निदान उशिरा तरी होतो. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले, कागदावरून साडीवर, कपावर आणि हॉटेलांच्या भिंतींवर गेले. २०१४ च्या सुमारास त्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. पण छापील साड्यांच्या नफ्यातील वाटा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर किती पोहोचला, हा प्रश्न उरतोच. आंधांचे मात्र तेवढेही भाग्य नाही. आंध मराठी बोलतात. त्यांची दंडार मराठीत आहे. ती चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगता येत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'आंध' हे नाव अगदी पहिले आहे. वर्णक्रमाने आलेला तेवढा पहिला क्रमांक सोडला, तर इतरत्र हा समाज मागेच राहिला. हिंगोली जिल्ह्याचा समावेश अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा जो अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने शेजारच्या किनवटमधील ग्रामसभांना दिला, तो कळमनुरी तालुक्यातील आंधांच्या ग्रामसभांना नाही. पैनगंगेच्या खोऱ्यात माणसे तीच, दंडार तीच, पण अधिकार वेगळा.

आपल्यापैकी काही साथी म्हणतील, 'पोटाला भाकरी नाही, वनहक्काचे दावे धूळ खात पडले आहेत, तेथे सन्मानाच्या गोष्टी कशाला? हार-तुरे हा प्रस्थापितांचा छंद आहे.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मीही तरुणपणी असेच म्हणत असे. परंतु इतिहास काय सांगतो? १९२७ साली महाडच्या तळ्यावर जी माणसे गेली ती केवळ तहान भागविण्यासाठी गेली नव्हती. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणास लावले ते काही भाकरीसाठी नव्हे. माणूस म्हणून मान मागणे आणि माणूस म्हणून जगण्याची साधने मागणे, या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत. तारपा भोपळ्याचा व बांबूचा होतो. बांबूवरील सामूहिक हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. तो हक्क प्रत्यक्षात मिळाला नाही, तर तारपा वाजविणाऱ्यास दिल्लीत पदक देणे म्हणजे झाडाचे मूळ तोडून फुलाची पूजा करणे होय. उलट, जो समाज आपल्या म्हाताऱ्यांच्या कलेची लाज बाळगू लागतो, तो आपल्या जमिनीसाठीही ताठ मानेने उभा राहू शकत नाही. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. मंचावर चढून आदिवासींच्या दुःखाविषयी बोलणारे कोण आणि खाली बसणारे कोण, हा तिचा विषय. तो आज शिळा झाला आहे असे कोणी म्हणू शकेल काय? आपले राज्य 'आदिवासी सेवक' पुरस्कार देते. आदिवासींची सेवा करणाऱ्यांचा गौरव व्हावा, जरूर व्हावा. परंतु स्वतः आदिवासी म्हणून जगून ज्यांनी संस्कृती राखली, त्यांच्या गौरवाची व्यवस्था तितकीच ठाम का नसावी?

ऑस्ट्रेलियात तेथील आद्य रहिवाशांपैकी ज्येष्ठ कलावंतांना १९९३ पासून 'रेड ओकर' हा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. त्या देशाने आपल्या मूळ रहिवाशांवर केलेले अन्याय कमी नाहीत, म्हणून त्यास आदर्श मानण्याचे कारण नाही. पण निवडीत त्याच समाजांतील कलावंतांचा आवाज असतो आणि अलीकडे एक पुरुष व एक स्त्री अशा दोघांचा गौरव होतो, या गोष्टी घेण्यासारख्या आहेत. स्त्रियांचा मुद्दा तर आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. वारल्यांच्या लग्नातील चौक पिढ्यानपिढ्या सवाशिणींनी लिहिला. पुरुषाने कुंचला हाती घेतल्यावर त्या कलेस नाव व नामवंत मिळाले. त्या सवाशिणींची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

तेव्हा मागण्या काय असाव्यात? पहिली, ग्रामसभेचा ठराव हाच कलावंत असल्याचा पुरेसा पुरावा मानावा. चाळीस वर्षे दंडार पाहिलेल्या गावाहून मोठा साक्षीदार कोणता? दुसरी, आदिवासी कलावंतांच्या निवड समितीत बहुसंख्य सदस्य आदिवासी असावेत व त्यांत स्त्रिया असाव्यात. तिसरी, दंडार एकट्याची नसते, म्हणून व्यक्तीबरोबर संचाचाही गौरव व्हावा, आणि शिकणाऱ्या तरुणांना विद्यावेतन मिळावे. चौथी, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने कळमनुरी तालुक्यातील वृद्ध कलावंतांची पदे व सोंगे त्यांच्या संमतीने ध्वनिचित्रमुद्रित करावीत आणि त्यांवरील हक्क गावाकडे ठेवावा. पाचवी, मानधन किमान रोजगार हमीच्या मजुरीइतके असावे.

शासन हे करील तेव्हा करील. आपल्या शाखांना आजच करता येण्याजोगे काम आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील एका वृद्ध आदिवासी कलावंताकडे जाऊन एक दिवस बसावे, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, ग्रामसभेत त्याच्या नावाचा ठराव मांडावा आणि त्याचा अर्ज स्वतः भरून द्यावा. पुढील दसऱ्यानंतर दंडार उभी राहील तेव्हा तेथे भाषणासाठी न जाता प्रेक्षक म्हणून खाली बसावे.

डोंगरकड्याच्या त्या गृहस्थांचा अर्ज मी भरून दिला. पुराव्याच्या रकान्यात त्यांच्या वस्तीवरील अकरा जणांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उमटविले. तो कागद ग्राह्य धरला जाईल की नाही, हे कार्यालय ठरवील. माझ्या मते त्याहून खरा दाखला या देशात कोणीही देऊ शकणार नाही.