शहर आले, गाव तिथेच आहे

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस धरली की आधी मुर्धा लागते, मग राई, पुढे मोर्वा. रस्त्याला लागून बैठी घरे, मागे शेते, त्यापलीकडे खाजण आणि मिठागरे. मान मागे वळवली की भाईंदरच्या उंच इमारती. घर शोधणाऱ्या तरुण जोडप्याला हे चित्र मोहात पाडते. मुंबई फार लांब नाही, हवा बरी, मुलांना मोकळीक. जाहिरातींत अशा जागेला कुटुंबासाठी आदर्श म्हणतात. प्रश्न इतकाच, की कोणाच्या कुटुंबासाठी?

गिरगाव-लालबागच्या चाळीतली खोली सोडून जी मराठी कुटुंबे वसई खाडीच्या अलीकडे येऊन थांबली, त्यांतलेच आमचे एक. आम्ही नगरात राहायला आलो. राईच्या लोकांकडे मात्र नगर चालून आले. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, १९९० मध्ये राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन ही गावे तिच्यात आली आणि २००२ मध्ये महापालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली वस्ती २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. ग्रामपंचायतीच्या काळात तक्रार सांगायला सरपंचाच्या ओट्यावर जाता येत असे. आता अर्ज, आवक क्रमांक आणि वाट पाहणे.

आमच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांच्या गप्पांत हल्ली अमेरिकेतल्या लहान, वाढत्या गावांची नावे येतात. टेक्सासमधले फ्रिस्को त्यांतले एक. १९९० मध्ये तिथे सहा हजारांच्या आसपास माणसे होती, २०२० च्या जनगणनेत दोन लाखांवर. म्हणजे वाढीचा वेग आमच्याहूनही भन्नाट. पण तिथे शाळांचा कारभार स्वतंत्र निवडून आलेले मंडळ पाहते, आणि नव्या शाळांसाठी मोठे कर्ज काढायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. घर घेणाऱ्याला आपल्या खिशातून काय जाणार आणि मुलाला काय मिळणार, हे आधी विचारले जाते. तिथे सारे गोड आहे असे नाही. मोटार चालवता न येणाऱ्या आजीला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची सोय नाही. ती सोय आमच्या भाईंदरात दारात आहे. शिवाय फ्रिस्को बहुतांशी मोकळ्या शेतजमिनीवर उभे राहिले. राईत शेताशेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे गाव होते, आणि आहे.

हा फरक कळायला पावसाळ्यात राईला जावे. खाजणाची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. उधाणाचे पाणी बांधाने अडवायचे, मिठागरात हवे तेवढे आत घ्यायचे, उन्हावर आटवायचे आणि पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीबरोबर खाडीत सोडायचे, ही सारी विद्या आगरी माणसाच्या हातात होती. मिठागरे आणि सखल शेते ही गावाची पाणी साठवण्याची परातच. त्या परातीत भराव पडला की पाणी नाहीसे होत नाही, शेजारच्या सखल घरात शिरते. नवी इमारत जोते उंच घेऊन बसते, रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, आणि आजोबांनी दोन पायऱ्या चढून जाण्यासारखे बांधलेले घर दोन पायऱ्या उतरून जाण्यासारखे होते. ते घर कोणी पाडलेले नसते. नुकसान झाल्याची नोंद कुठे होणार?

मेट्रोच्या नवव्या मार्गाची कारशेड राई-मुर्धा परिसरात करायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला तो याच अनुभवातून. घरे आणि शेते जातीलच, पण पाण्याची वाटही बुजेल, हे त्यांचे म्हणणे. शहरातल्या आम्हा नोकरदारांपैकी काहींनी नाके मुरडली. गाड्यांना लोंबकळून चर्चगेट गाठणाऱ्याला मेट्रो हवीच असते, हे खरे. पण ती राईतल्या मुलामुलींनाही हवी आहे. तीही त्याच गर्दीत असतात. गावकऱ्यांचा वाद मेट्रोशी नव्हता, जागा न विचारता निवडण्याशी होता. अखेर कारशेड डोंगरीला हलवायचे ठरले, आणि तिथे हजारो झाडांच्या तोडीवरून २०२५ मध्ये नवे वादळ उठले. एका गावचे दुखणे दुसऱ्या गावच्या गळ्यात गेले. मला यात कोणाचाच विजय दिसत नाही.

पाण्याचेही तसेच. इमारती आधी झाल्या, नळ मागून. या शहराला स्वतःचे धरण नाही. स्टेम आणि एमआयडीसी देतील त्यावर भागवायचे. सूर्या प्रकल्पातून २१८ दशलक्ष लिटर रोज मिळावे अशी योजना झाली, पण ती वस्ती वाढून गेल्यावर. टँकरची वाट पाहणारी नवी सून आणि उंबरठ्यावर पाणी चढलेली राईची म्हातारी, दोघींची अडचण एकाच उफराट्या क्रमातून आलेली आहे. पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. नव्याला जुना आडमुठा वाटतो, जुन्याला नवा उपरा.

त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा नेमका २०२२ मध्येच आला. कुठे रस्ता, कुठे मैदान, कोणाच्या अंगणावर आरक्षण, हे ठरण्याच्या काळात वॉर्डातला कोणी जाऊन भांडायला सभागृहात नव्हता. राई-मुर्ध्यातून जाणारा रस्ता रुंद करण्यालाही विरोध झाला. घरे रस्त्याला लागूनच आहेत. रुंदी मोजायला फीत धरली की ती कोणाच्या तरी ओटीवर जाते.

त्या रस्त्याने उत्तनच्या मासळीच्या पाट्या येतात, शाळेच्या गाड्या जातात आणि रविवारी समुद्राकडे जाणाऱ्या आम्हा शहरवाल्यांच्या मोटारी तासन्‌तास खोळंबतात. रुंदीकरण हवे, असे म्हणणारे त्या मोटारींत बसलेले असतात. काच खाली करून समोरच्या ओटीवरच्या माणसाला त्याचे म्हणणे विचारायला वेळ भरपूर असतो.