परदेशातले मास्तर, पाड्यावरचे मास्तर

बी.एड. झालेली मुलं-मुली हल्ली माझ्याकडे एकच चौकशी घेऊन येतात. "मॅडम, दुबईच्या शाळेत लागायचं तर काय करावं लागतं?" नवापूरच्या पोरांना हे सुचावं यात नवल नाही. आपल्याला मुंबईपेक्षा सुरत जवळ, आणि सुरतेहून शारजाला थेट विमान २०१९ साली सुरू झालं. इकडे टीईटी द्या, मग टेट द्या, मग पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसा. तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखत होते आणि ऑगस्टअखेर वर्गावर उभं राहायचं असतं. शारजात काही वर्षं विज्ञान शिकवून आल्यामुळे माझ्याकडे काहीतरी गुरुकिल्ली असेल, असा या मुलांचा समज आहे.

गुरुकिल्ली नाही, कागद आहेत. पदवीचं साक्षांकन आधी राज्य सरकारकडून, मग दिल्लीतून, मग त्या देशाच्या वकिलातीतून. भारत २००५ मध्ये हेग करारात सामील झाल्यापासून बऱ्याच देशांना अपोस्टिलचा एक शिक्का पुरतो. मी गेले तेव्हा अमिरातीला तो पुरत नव्हता. एजंट गाठलाच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत त्याचं नाव आहे का ते आधी बघा. त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखाची भाषा करणाऱ्याच्या दारातूनच माघारी फिरा. करारात घर, वर्षाचं तिकीट आणि विमा असतो. पण नजर मूळ पगारावर ठेवायची, कारण तिथली ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात : पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. एकूण पगाराचा मोठा आकडा दाखवून मूळ पगार चिमूटभर ठेवायचा, ही तिथली जुनी युक्ती.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. माझ्या शेजारच्या वर्गावर तोच विषय, तेवढेच तास घेणारा इंग्रज शिक्षक माझ्याहून कितीतरी जास्त पगार उचलायचा. पासपोर्टाचा रंग बघून पगार ठरतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं आणि स्टाफरूममध्ये त्यावर कुणी बोलत नाही. मीही बोलले नाही. घरी पैसे पाठवायचे होते.

तरी त्या शाळेतली एक गोष्ट मला आजही पटते. सहावीत वर्षाच्या मध्यावर एक कोरियन मुलगा आला. इंग्रजीचं एक वाक्य येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याची गणिताची चाचणी घेतली, ती कोरियन भाषेत. गडी वर्गाच्या पुढे निघाला. मग इंग्रजी परभाषा असलेल्या मुलांसाठी नेमलेली शिक्षिका रोज त्याला वेगळी घेऊन बसायची. पुढच्या धड्यातले शब्द मी तिला आठवडाभर आधी द्यायचे, असा शाळेचा नियमच होता. परीक्षेत शब्दकोश जवळ ठेवायची त्याला मुभा होती. वर्षभरात त्याला कुणी कच्चा म्हटलं नाही. भाषा येत नाही आणि डोकं चालत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या शाळेने पक्कं धरलं होतं.

अर्थात हे काही उदार मनातून आलेलं नाही. जिनिव्हात १९२४ मध्ये अशी पहिली आंतरराष्ट्रीय शाळा निघाली ती राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. बापाची बदली झाली म्हणून पोराचं वर्ष बुडू नये, एवढीच मूळ गरज. साहेबाचं पोर होतं, म्हणून व्यवस्था झाली.

आता आपल्या तालुक्यातला पाडा घ्या. घरात मावची, नाहीतर भिली किंवा कोकणी. बाजारात गुजराती आणि अहिराणी, टीव्हीवर हिंदी. स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तिथे गाडीची सूचना चार भाषांत होते. पण त्या चारांत मावची नाही, आणि पाठ्यपुस्तकातही नाही. पहिलीचं लेकरू पुस्तकी मराठी पहिल्यांदा ऐकतं ते शाळेत. त्याची चाचणी त्याच्या भाषेत कुणी घेत नाही. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि अशा लेकरांसाठी शाळाशाळांत एक शब्द रुळला : अप्रगत. आमच्या शारजातल्या कोरियन मुलाला इथे आणून बसवलं असतं, तर तोही त्याच यादीत गेला असता.

आणि मास्तर? तो बीडचा, लातूरचा, नाहीतर अहिल्यानगरचा. भरतीत नंदुरबार जिल्हा मिळाला म्हणून आलेला. शाळा अवघड क्षेत्रात, पगार एकस्तरचा, बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, आणि लक्ष आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे. त्याला नावं ठेवायला मी तयार नाही. मला शारजात शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर बसवून सगळं सांगितलं होतं : रमजानात वर्गात काय पाळायचं, पालकांशी कसं बोलायचं, कुठल्या देशाची मुलं वर्गात आहेत. या मास्तराच्या हाती नेमणुकीचा आदेश आणि शाळेच्या किल्ल्या. मी परदेशात होते तितकाच तोही आहे. काहीजण तरी मुलांकडूनच मावची शिकतात. तसा मास्तर पाड्यावर शिरला, की पोरंच त्याला घ्यायला धावतात.

एकलव्य निवासी शाळांचा पेच आणखी वेगळा. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० शाळांसाठी ३८,८०० शिक्षक-कर्मचारी भरण्याची घोषणा झाली, आणि ही भरती देशपातळीवर होते. मुलाची भाषा एक, पुस्तकाची दुसरी आणि उत्तरेतून आलेल्या शिक्षकाची तिसरी, असा वर्ग त्यातून उभा राहतो. हिला आंतरराष्ट्रीय शाळाच म्हणायला हवं. उणीव आहे ती फक्त शब्द आधी मागून घेणाऱ्या त्या शिक्षिकेची. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. धोरण छापून झालं आहे.

दुबईला निघालेल्यांनी जरूर जावं. मूळ पगाराचा आकडा बघूनच सही करावी. जिल्हा परिषदेला मात्र माझी एक विनंती आहे. नव्या शिक्षकाला रुजू झाल्यावर पहिला आठवडा वर्गावर पाठवू नका. नवापूरला, विसरवाडीला, खांडबाऱ्याला त्याला बसवा आणि मुलांची भाषा कानावर घाला. त्यासाठी पुण्याहून तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. त्याच पाड्यावरची अंगणवाडी सेविका हे काम उत्तम करील. फक्त तिला त्या आठवड्याचं मानधन द्या, आणि तेही वेळेवर.