अडीच किलोंच्या जिवाचे डायलिसिस

मूत्रपिंडाचा विकार म्हटला की पन्नाशी-साठीचा रुग्ण डोळ्यांसमोर येतो. दोन दिवसांच्या बाळाचीही मूत्रपिंडे बंद पडू शकतात, हे अनेक सुशिक्षित कुटुंबांच्या गावीही नसते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, किंवा मूत्रमार्गात जन्मजात पडदा असला, तर लघवी थांबते. औषधांनी भागेनासे झाले की डायलिसिसचा विषय निघतो.

अडीच किलोंच्या बाळाच्या अंगात सारे मिळून जेमतेम २०० मिलिलिटर रक्त असते. मोठ्या माणसांच्या यंत्राच्या नळ्या भरायलाच जवळपास तेवढे लागते! इटलीत क्लाउदिओ रोन्को यांनी खास अर्भकांसाठी यंत्र घडविले. २०१३ मध्ये ते प्रथम वापरले गेले. कौतुकास्पदच आहे ते. परंतु आपल्याकडे खरी उपयोगाची आहे ती पोटाच्या डायलिसिसची जुनी पद्धत. पोटात बारीक नळीने द्रव सोडायचा, आतल्या पातळ आवरणातून रक्तातील अशुद्ध घटक त्यात उतरू द्यायचे आणि तो काढून घ्यायचा. हे यंत्रावाचून होते. हवेत सरावलेले हात आणि रात्रभर जागणारी परिचारिका.

काही बाळांची मूत्रपिंडे थोड्या दिवसांत पुन्हा काम करू लागतात. तेथे पैशापायी कच खाणे अक्षम्य होय. ज्यांची मूत्रपिंडे जन्मतःच निकामी आहेत, त्यांची गोष्ट निराळी. प्रत्यारोपणासाठी वजन साधारण १० किलोंपर्यंत यावे लागते. तोवर वर्षानुवर्षे घरात रोजचे डायलिसिस आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार. अशा वेळी आईवडिलांनी ‘नको’ म्हटले, तर त्यांना निर्दय ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र हा फरक डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ मराठीत सांगितलेला असावा. ‘मुलगीच आहे ना’ असा सूर निघाला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो तेथेच थांबवावा.

सावर्ड्याहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. लघवी थांबलेल्या बाळाला महामार्गावरून तेवढे नेणे म्हणजे हाती असलेला वेळ रस्त्यात घालविणे. सावर्ड्याजवळच डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्राच्या २०१६ च्या डायलिसिस योजनेत पुढे पोटाच्या डायलिसिसचाही समावेश झाला. कोकणातील प्रत्येक नवजात अतिदक्षता कक्षात अर्भकाच्या मापाची नळी, तयार द्रव आणि त्यात तरबेज अशा दोन परिचारिका बारा महिने असाव्यात, एवढी मागणी जिल्ह्याने शासनाकडे आणि संस्थाचालकांकडे लावून धरली पाहिजे.