एक ओहमचा सोस

मोटारीच्या डिकीत दोन-दोन, चार-चार सबवूफर बसवून घेण्याचा जो हव्यास अलीकडे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे, त्याच्या अभिरुचीविषयी निवाडा देण्याचे माझ्या मनात नाही. ज्याला गडगडाट प्रिय आहे त्याने तो काचा लावून खुशाल ऐकावा. माझी तक्रार निराळी आहे. हा सारा खटाटोप ज्या जोडणीवर उभा असतो, तिचा हिशेब गिऱ्हाईक विचारीत नाही, दुकानदार सहसा सांगत नाही, आणि ‘ओहम जितके कमी तितका दणका अधिक’ हे अर्धसत्य वेदवाक्य मानून चारही तारा एकत्र पिळल्या जातात.

गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतो, आणि त्यावरून निघणारा हिशेबही: एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, आणि समान रोध समांतर जोडले की त्यांच्या संख्येने भागाकार होतो. आता चार-चार ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल असलेले दोन सबवूफर घ्या. चारही कॉइल समांतर जोडल्या तर अँप्लिफायरपुढे १ ओहमचा भार येतो. प्रत्येकाच्या दोन कॉइल आधी एकसर करून मग ते दोघे समांतर जोडले तर ४ ओहमचा. सगळ्याच एकसर केल्या तर १६चा. चारही कॉइलांना समान वाटा देऊन २ ओहम मात्र या जोडीतून काही केल्या निघत नाहीत. म्हणून ज्याचा अँप्लिफायर २ ओहमच्या खाली चालावयाचा नाही, त्याने दोन-दोन ओहमच्या कॉइलांचे सबवूफर घ्यावयास हवे होते. तेथे प्रत्येकाच्या कॉइल समांतर आणि दोन्ही सबवूफर एकसर करून बरोबर २ ओहम साधतात. सबवूफर आधी आणि अँप्लिफायर मागून, हा खरेदीचा रूढ शिरस्ता येथेच नडतो. दोन चॅनेल ब्रिज करणाऱ्यांना, म्हणजे दोन्ही एकाच भाराला जुंपणाऱ्यांना, तर एवढेही ठाऊक नसते की प्रत्येक चॅनेलला तेव्हा निम्माच रोध जाणवतो, आणि २ ओहमची मुभा ४ ओहमवर येऊन ठेपते. निरनिराळ्या रोधांचे सबवूफर एकत्र जुंपणे म्हणजे तर एका जुवाला खोंड आणि थोराड बैल बांधणे होय. समांतर जोडणीत कमी रोधाचा आणि एकसर जोडणीत अधिक रोधाचा सबवूफर जास्त शक्ती ओढतो.

बरे, १ ओहमचा अट्टाहास करून पदरात काय पडते? २ ओहमवरून १ ओहमवर आल्याने शक्ती दुप्पट झाली असे धरून चालले, तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने. कानाला ‘दुप्पट’ वाटण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. जमेची बाजू एवढीच, आणि खर्चाच्या बाजूला दुप्पट विद्युतधारा, वाढती उष्णता व घटती कार्यक्षमता. बारा व्होल्टच्या बॅटरीवर खरोखरचे हजार वॅट अखंड मिळवावयाचे तर नव्वद-शंभर अँपिअर खेचावे लागतात, आणि छोट्या मोटारीच्या अल्टरनेटरची अवघी कुवत पुष्कळदा तेवढीही नसते. मग खालच्या सुरावर दिवे मिणमिणू लागतात, अँप्लिफायर आपणहून बंद पडतो, आणि दोष अँप्लिफायरच्या माथी मारला जातो. क्वचित दोन सबवूफरांपैकी एकाची धन-ऋण टोके उलट लागतात व दोघे परस्परांचा नाद खाऊन टाकतात. तेव्हाही उपाय म्हणून आणखी मोठा अँप्लिफायरच सुचविला जातो, हे नवल.

म्हणून दुकानदारांपाशी माझी दरखास्त आहे की त्यांनी पावतीवर किमतीखेरीज तीन नोंदी कराव्यात: जोडणीनंतरचे एकूण ओहम, अँप्लिफायरची किमान मर्यादा, आणि बॅटरीजवळ बसविलेल्या फ्यूजचे अँपिअर. गिऱ्हाइकाने या नोंदी मिळाल्यावाचून पैसे चुकते करू नयेत.