रविवार घरातल्या सगळ्यांचा

शनिवारी रात्रीची जेवणे झाली की कळंब्यातल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो, 'उद्या कुठे जायचे?' मुले विचारतात, वडील वर्तमानपत्रात डोके घालतात आणि आई काहीच बोलत नाही. उद्या कुठेही जायचे ठरले तरी आपलेच काम वाढणार, हे तिला पक्के ठाऊक असते. घरी राहिले तर आठवड्याची धुणी, मुलींच्या केसांची न्हाणी आणि दुपारचा तांबडा-पांढरा रस्सा. बाहेर पडले तर पहाटे चारला उठून चपात्यांची चळत. सुट्टी घरातल्या सर्वांना असते, एक बाई सोडून!

वाचक बंधू-भगिनींनो, हा रविवार आपल्याला कुणी आंदण दिलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून १८८४ साली जे मागणे मांडले, त्यात आठवड्याला रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती ही कलमे होती. त्या वेळी गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबावे लागे. पुढे एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली, ही गोष्ट आपल्या मुलींना आवर्जून सांगावी अशी आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. भरपगारी रजेची तरतूद कारखाना कायद्यात आली ती त्याच काळात, १९४५ साली.

म्हणजे सुट्टीसाठी बाया बोलल्या, पण सुट्टी घरात आली तेव्हा ती बाईपर्यंत पोचलीच नाही. म्हणून या वेळच्या सदरात कळंब्याजवळच्या सहलींची माहिती देताना आमची एकच अट आहे. सहलीचे काम सगळ्यांनी वाटून घ्यायचे. भाजी चिरणे, डबे भरणे, पाण्याच्या बाटल्या धुणे, परतल्यावर भांडी घासणे यांत बाप आणि मुलगा दोघांनी हात लावायचा. आणि डबा साधा ठेवायचा. ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा, घट्ट दही आणि भडंगाची पुडी एवढ्यावर पाच माणसांचा दिवस मजेत जातो.

दारातला तलाव

कळंबा म्हटले की परगावच्या माणसाला आधी मध्यवर्ती कारागृह आठवते. आपल्याला आठवावा तो तलाव. संस्थानच्या काळात बांधलेल्या या तलावात कात्यायनीच्या डोंगराकडून पाणी येते. कोल्हापूर शहराला नळाने पाणी पुरवले ते याच तलावाने. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की शहरातून माणसे बघायला येतात, आणि आपण मात्र 'आपलाच तर आहे' म्हणून घरात बसतो. हिवाळ्यातल्या रविवारी सहाला उठून मुलांना बांधावर न्यावे. पाणपक्षी मोजावेत, कोणता पक्षी बुडी मारतो आणि कोणता काठावर उभा राहतो ते वहीत लिहावे. नऊपर्यंत घरी येता येते. खर्च शून्य.

काठावर बसल्यावर मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. आज आपण कुणालाही न विचारता या पाण्याजवळ बसतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याची ओंजळभर पाणी घेण्यासाठी हजारो माणसांना मोर्चा काढावा लागला होता. आपल्या कोल्हापुरात त्याआधीच, १९१९ साली, राजर्षी शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले होते. तलाव दाखवावा तो असा. मग त्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकताना मुलाचा हात आपोआप थांबेल.

शहरातली एक सकाळ

के.एम.टी.ने शहरात जावे आणि बिंदू चौकात उतरावे. इथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९५० मध्ये ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. जयंतीला आपण इथे गर्दीत येतो. एकदा गर्दी नसताना यावे, मुलांना तारीख वाचू द्यावी.

तिथून भाऊसिंगजी रस्त्याने चालत जावे. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे हॉटेल होते. गंगाराम संस्थानच्या सेवेत होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना जबर मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. महाराज चहा पितात म्हटल्यावर बरोबरच्या बड्या मंडळींनाही कप उचलावा लागला. आज कोल्हापुरात मिसळ खायला आपण कुठल्याही हॉटेलात शिरतो आणि बाकावर ऐसपैस बसतो. शंभर वर्षांमागे चहाच्या एका कपाला केवढे धैर्य लागत होते, हे मिसळ खाताना सांगावे. पाव संपेपर्यंत गोष्ट संपते.

पुढे टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले. सातवाहन काळी इथे भरभराटीचे गाव होते आणि त्याचा व्यापार दूर रोमपर्यंत पोचला होता. तिथे सापडलेली समुद्रदेवतेची छोटी ब्राँझची मूर्ती पाहून मुले हमखास विचारतात, 'समुद्र तर इथे नाही, मग हा देव आला कसा?' हा प्रश्न पडला म्हणजे सहल वसूल झाली समजावे. याच कोल्हापूर शहरात एकोणिसाव्या शतकात एका प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि त्यातला अस्थिकरंडकही मिळाला होता. संग्रहालय सोमवारी बंद असते. ज्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

परतताना नर्सरी बागेतले शाहू महाराजांचे समाधिस्थळ पाहावे. महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे या जागी समाधी व्हायला मात्र २०२० साल उजाडले. सावली चांगली आहे. डबा उघडण्याआधी दोन मिनिटे शांत बसावे.

कणेरीचे गाव

कणेरी मठावरचे ग्रामजीवन संग्रहालय बहुतेकांनी पाहिलेले असते. शाळेच्या सहली तिथेच जातात. शेतकरी, कुंभार, लोहार, सुतार यांचे हुबेहूब पुतळे, बैल, विहीर, बाजार. आजीला तर ते पाहून आपले बालपण आठवते. जरूर जावे, मुलांना अवजारांची नावे आजीनेच सांगावीत. तिफण, पाभर, मोट हे शब्द आता पुस्तकातूनही जात चालले आहेत.

पण एक प्रश्न मुलांना घालावा, 'या गावात आपले घर कुठे असते?' जुने गाव स्वयंपूर्ण होते, सुखी होते असे आपण नेहमी ऐकतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना खेड्याचे हे गोडवे स्पष्टपणे नाकारले होते, कारण वेशीबाहेरचे जिणे त्यांना माहीत होते. आजीलाही माहीत असते. तिला बोलू द्यावे. पुतळे जे सांगू शकत नाहीत ते ती सांगेल.

माणगाव

हातकणंगले तालुक्यातले माणगाव आपल्यापासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे, तरी कळंब्यात राहून माणगाव न पाहिलेली घरे पुष्कळ आहेत. २१ व २२ मार्च १९२० रोजी इथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. परिषदेसाठी खटपट केली ती गावच्या आप्पासाहेब पाटलांनी, आणि ते जैन समाजाचे होते. हेही मुलांना कळायला हवे. चांगल्या कामाला जात आडवी येऊ न देणारी माणसे त्या काळीही होती.

कोल्हापूर-मिरज मार्गावरच्या पॅसेंजर गाडीने रुकडीला उतरून पुढे रिक्षाने जाता येते. लहान मुलांना रेल्वेचे अप्रूप असते, त्यांच्यासाठी तीच निम्मी सहल. मार्चमध्ये गेलात तर ऊन फार असते. सकाळी लवकर निघावे आणि दुपारच्या आत परतावे.

लेणी, गड आणि धरण

पन्हाळ्याच्या गाडीत बसण्याआधी पोहाळे हे नाव लक्षात ठेवावे. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी या गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या खोल्या असलेला विहार आहे, शेजारी चैत्य आहे. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. आपल्याकडे कोरीव जुने काही दिसले की पांडवांच्या नावावर टाकायची रीतच आहे! पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहून वर्षावास करीत, त्यासाठी अशा जागा कोरल्या गेल्या. दगडी ओट्यावर हात फिरवावा, पण भिंतीवर नाव लिहू नये, मेणबत्तीची काजळी धरू देऊ नये.

पन्हाळा तर आपल्या अंगणातलाच. १६६० च्या वेढ्यात शिवरायांचा वेश घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद हा नाभिक समाजाचा तरुण. गडावर त्याचा पुतळा आहे. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहण्याच्या घाईत त्याच्यापुढून तसेच निघून जाऊ नये. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे.

आणि वर्षातून एकदा, पूर्ण दिवस काढून राधानगरी. भोगावती नदीवरच्या या धरणाचे काम शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतले. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर. तलाव भरला की आपोआप उघडणारे सात दरवाजे हे इथले वैशिष्ट्य. पुढचे दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात ते बंद असते, म्हणून दिवाळीनंतरचा बेत करावा.

निघण्यापूर्वी

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते. घरच्या सगळ्या बायकांनी मिळून जाण्याला हे निमित्त पुरेसे आहे. आजी-आजोबांचे ओळखपत्र बरोबर ठेवावे. तलाव, धरण, नदी यांच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, आणि फोटोच्या नादात पाय कधी घसरला ते कळत नाही. घरात जो कर्ता आहे त्याने सहलीच्या दिवशी बाटली बाजूला ठेवावी. 'सहल' म्हणून बाहेर पडून झाडाखाली पार्टी करणाऱ्यांच्या बायका-मुलांचे चेहरे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

महिन्यातला एक रविवार पुरे. जागा या वेळी आईने निवडावी. तिला कुठेच जायचे नसेल, तर बाकीच्यांनी जावे आणि तिला घरात एकटीला निवांत झोपू द्यावे. तीही सहलच.

शेवटी एक गोष्ट. कळंब्यात गेल्या काही वर्षांत इमारती वाढल्या, आणि त्या इमारतींत धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी रविवारीही कामावर असतात. उलट त्या दिवशी पाहुण्यांमुळे त्यांना भांडी जास्तच पडतात. लोखंड्यांचा रविवार त्यांच्यापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षांत आलेला नाही. आपल्यातही आता बरेच जण फ्लॅटमध्ये राहू लागले आहेत, कामाला बाई ठेवू लागले आहेत. त्यांनी आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आपल्या घरापासून सुरू करावी. आणि ज्या भगिनी स्वतः कामाला जातात त्यांनी चारजणींनी मिळून ती मागावी. १८९० साली दोघीजणी भरसभेत उभ्या राहिल्या होत्या. इथे तर फक्त दाराची बेल वाजवायची आहे.