छातीवरचं खोगीर

माझं तर स्पष्ट मत आहे की, उभ्या गिऱ्हाइकाला दुकानदारानं चेस्ट रिग विकूच नये. त्याला आधी जमिनीवर पालथं झोपवावं आणि मग विचारावं, "बोला, किती पाउच देऊ?"

रायफल आणि मी यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. अहो, १९७२ साली मी एन.सी.सी.त होतो! कॅम्पात उस्तादांनी एकदा आमच्या अंगावर १९३७च्या नमुन्याचं जुनं वेबिंग चढवलं. त्याचे पुढचे दोन पाउच ब्रेनगनच्या मॅगझीनच्या मापाचे, आणि माझ्या छातीला छाती म्हणणं हा निव्वळ सौजन्याचा भाग. पालथा झालो तो जमिनीवर न टेकता पाउचांवर टेकलो. कोपरं अधांतरी, आणि गोळी शेजाऱ्याच्या टार्गेटवर! (शेजारी त्या दिवशी पहिला आला. चहा अजून पाजलेला नाही.)

हे आठवायचं कारण म्हणजे टेक्सासातला आमचा पुतण्या. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो होतो. तिकडे हौशी मंडळी पैसे भरून रायफलच्या शिबिराला जातात. चिरंजीव त्यासाठी सजून हॉलमध्ये उभे राहिले, तेव्हा मला पोळ्याचा बैल आठवला. तीस-तीस गोळ्यांची आठ मॅगझिनं, म्हणजे चार किलो इथंच झाले. वर वायरलेस, बॅटरी, सुरी, पकड आणि होकायंत्र. शिबिर घरापासून चाळीस मैलांवर, मोटारीतला नकाशा तोंडानं बोलतो, आणि याला होकायंत्र!

"असू दे काका, लागतं कधीतरी."

या 'लागतं कधीतरी'शी माझं जन्माचं वैर आहे. आपल्या घरांतले माळे याच वाक्यानं भरलेत. पण माळा निदान पळत नाही. रिग अंगावर घेऊन पळायचं, वाकायचं, लोळायचं असतं. मी म्हटलं, "झोप पालथा." झोपला. पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि मान कासवासारखी. उठताना सोफ्याचा आधार घेतला.

तरी मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात मी टूर्निकेट कुठंय विचारलं. टूर्निकेट म्हणजे हातापायातून रक्ताची धार लागली तर वर आवळायचा पट्टा. मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत संपतो. तो पट्टा यानं उजव्या कडेला, बॅटरीच्या मागं खोचलेला. "उजवा हात जायबंदी झालाय असं समज आणि काढ." डाव्या हातानं बराच वेळ चाचपडला. सुरी हाती आली, होकायंत्र आलं, पट्टा आला नाही. सुनेनं स्वयंपाकघरातून पाहिलं आणि गॅस बंद केला.

मग आम्ही सगळं उतरवलं. दोघांत घरातल्या गोळ्या बाहेर काढल्या, रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. टूर्निकेट छातीच्या मधोमध, दोन्ही हातांना सापडेल असं. मॅगझिनं तीनच, एकाच थरात, डावीकडे झुकती, कारण उजवखोरा मॅगझीन बदलतो डाव्या हातानं. सगळ्यांच्या गोळ्यांची टोकं एकाच दिशेला, म्हणजे अंधारातही हात चुकत नाही. रिग बरगड्यांवर, कमरेत वाकता येईल एवढी उंच. उजव्या खांद्यावर रायफलचा दस्ता टेकतो तिथं बक्कल नको. आणि पाउच लोंबत का होते, तर पट्टी यानं नुसती रिगच्या फितींतून ओवलेली. ती एकदा रिगच्या, एकदा पाउचच्या, अशी बाजेसारखी विणायची असते. आमच्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

नंतर त्याला उड्या मारायला लावल्या. खडखड वाजलं की पट्टी आवळ, पुन्हा उडी. खालच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं हे नशीब.

शिबिराहून आला तो खूष. म्हणाला, "काका, उरलेले पाउच न्या ना तुम्ही, लागतील कधीतरी." मी नाही म्हणणार, तोच आमची ही म्हणाली, "असू देत, माळ्यावर जागा आहे."